पाळी २९ ते ३६ दिवसांची, नवरा दहाच आठवडे घरी: दिवस कसे धरायचे?

आबोली, डिचोली

नमस्कार. उत्तर देणाऱ्यांना सोपं जावं म्हणून आकडेच देते.

वय ३१. मिस्टर ३४, क्रूझ बोटीवर गॅलीत कुक. लग्नाला तीन वर्षं झाली, पण एकत्र असलेले महिने मोजले तर जेमतेम आठ. गेल्या पाच पाळ्यांचं अंतर २९, ३४, ३१, ३६ आणि ३० दिवस. मोबाईलमधलं ॲप दर खेपेला चौदावा-पंधरावा दिवस हिरवा करून दाखवतं. ओव्ह्युलेशनची पट्टी बाराव्यापासून सोळाव्या दिवसापर्यंत सकाळी उठल्याउठल्या लावली. दुसरी रेघ रोज येते, पण फिकट. ३६ दिवसांच्या त्या पाळीत एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन केलं, १.१ आलं. त्यावरून "अंडं फुटतच नाही, पाळी अनियमित आहे" असं सांगण्यात आलं आणि पुढच्या महिन्यापासून गोळ्या सुरू करू म्हणाले. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन नॉर्मल. मिस्टरांची एकही तपासणी झालेली नाही.

ते चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवडाभर आधी येतात आणि दहा आठवड्यांनी परत बोटीवर. हे दहा आठवडे वाया जाऊ नयेत म्हणून नेमके दिवस कसे ओळखायचे? पट्टीत माझं काय चुकतंय? फॉलिक्युलर स्टडी (अंड्याची वाढ बघायच्या ओळीने सोनोग्राफी) करावी का? आणि ते येण्याआधी दीड महिना हातात आहे, त्यात काय उरकून घेऊ?

कुळागर, फोंडा

गोळ्यांचं नंतर बघू. आधी त्या १.१ चा निकाल लावू, सगळा घोळ तिथून सुरू झालाय.

पाळीचे दोन तुकडे असतात. पहिला, पाळी आल्यापासून अंडं फुटेपर्यंतचा. हा लांबतो आणि आखडतो. ताप, प्रवास, जागरण, वजनातला मोठा चढउतार, काहीही निमित्त पुरतं. दुसरा तुकडा अंडं फुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा. तो बहुतेक बायकांत १२ ते १४ दिवसांचा असतो (१० ते १६ पर्यंत चालतो) आणि एकाच बाईत महिन्यागणिक फारसा बदलत नाही. म्हणून दिवस पुढून मोजायचे नसतात, पुढच्या पाळीपासून मागे मोजायचे असतात.

तुमच्या पाचही आकड्यांतून १४ वजा करा: १५, २०, १७, २२, १६. अंडं साधारण या दिवसांच्या आसपास फुटलं असणार. आता ती ३६ दिवसांची पाळी बघा. अंडं बाविसाव्याच्या आगेमागे फुटलं आणि रक्त काढलं एकविसाव्याला. प्रोजेस्टेरॉन वाढतं ते अंडं फुटल्यावर, अंडं जिच्यात वाढतं त्या रिकाम्या झालेल्या पुटीतून. फुटण्याआधी रक्त काढलं तर १.१ येणारच. ती तपासणी चुकीच्या दिवशी झाली एवढंच त्यातून कळतं. "एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन" हे नाव २८ दिवसांची पाळी धरून पडलंय आणि पुढे सगळ्यांनाच लावलं जातं.

"अनियमित" हा शिक्काही मला पटत नाही. २४ ते ३८ दिवसांची पाळी नॉर्मल धरतात. तुमच्या वयात सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या पाळीत ७ दिवसांपर्यंतचा फरक चालतो. तुमचा फरक बरोबर ७.

आता दिवस. फुटलेलं अंडं १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू गर्भाशयमुखाच्या चांगल्या स्रावात ५ दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे दिवस राहू शकण्याचा काळ सहा दिवसांचा: अंडं फुटायच्या आधीचे पाच आणि फुटण्याचा एक. त्यातही जास्त शक्यता फुटण्याआधीच्या दोन दिवसांत. अंडं फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी दार बंद. शुक्राणू आधीच जाऊन गर्भनळीत वाट बघत बसलेले हवेत, अंडं फुटल्याची खात्री करून मग धावपळ केली तर उशीर होतो.

तुमच्यासाठी हिशेब असा. सगळ्यांत लहान पाळीतून १८ वजा: २९ − १८ = ११. सगळ्यांत मोठ्यातून ११ वजा: ३६ − ११ = २५. अकराव्या ते पंचविसाव्या दिवसापर्यंत दिवसाआड संबंध ठेवले की अंडं कुठल्याही दिवशी फुटो, आदल्या दोन दिवसांतला एखादा तरी सापडतोच. साधारण आठ वेळा होतात. हा जुना कॅलेंडरचा हिशेब आहे, गर्भ टाळायला कच्चा, पण ठेवायला उत्तम. पट्टी, सकाळचं अंगाचं तापमान, स्राव हे सगळं या पंधरा दिवसांतले तीन-चार दिवस जास्त ठळक करण्यापुरतं.

दहा आठवडे म्हणजे ७० दिवस. ३२ च्या सरासरीने दोन पूर्ण संधी, तिसरी मिळाली तर अर्धीमुर्धी. तिशीतल्या निरोगी जोडप्याला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता २० ते २५ टक्क्यांच्या आसपास असते. दोन संधी हुकल्या म्हणून काही बिघाड सिद्ध होत नाही. आणि डॉक्टरांना "लग्नाला तीन वर्षं" सांगू नका, "एकत्र आठ महिने" सांगा. पस्तिशीच्या आत एक वर्ष प्रयत्न करून मग तपासण्या, पस्तिशीनंतर सहा महिने, चाळिशीनंतर लगेच, हा धरलेला नियम त्या खऱ्या महिन्यांवर मोजायचा असतो. पाळी महिनोनमहिने न येणं, पाळीत असह्य दुखणं, पूर्वी क्षयरोग किंवा नळीचं ऑपरेशन, पुरुषात न उतरलेला अंडकोश यांपैकी काही असेल तर मात्र वाट बघू नये.

लॅबवाली, मडगाव

पट्टीबद्दल. ही गर्भाच्या कार्डासारखी वाचायची नसते. गर्भाच्या कार्डावर फिकट रेघही हो म्हणते. इथे नाही. ही पट्टी जे मोजते ते एलएच हे हार्मोन शरीरात रोजच थोडं असतं, त्यामुळे फिकट रेघ रोज दिसणारच. टेस्टची रेघ कंट्रोलच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच पॉझिटिव्ह. तिथून साधारण २४ ते ३६ तासांत अंडं फुटतं.

तुमच्या दोन चुका दिसतात. पहिली, सोळाव्या दिवशी थांबलात. सुरुवात करायची ती लहान पाळी वजा १७, म्हणजे बाराव्या दिवशी, ती बरोबरच होती. पण बंद करायची ती पॉझिटिव्ह येऊन परत फिकट झाल्यावर. लांब महिन्यात तुम्हाला बाविसाव्यापर्यंत जावं लागेल, म्हणून पाचाचं पाकीट न घेता वीस-पंचवीस सुट्या पट्ट्या घ्या.

दुसरी, सकाळची पहिली लघवी. एलएचची उसळी बहुतेक वेळा पहाटे रक्तात सुरू होते आणि लघवीत यायला काही तास जातात. सकाळी १० ते रात्री ८ च्या मध्ये रोज एकच वेळ धरा, दुपारी दोन-तीन बरी. त्याआधी दोन तास लघवीला जाऊ नका आणि पाणी बेताने. ऑक्टोबरच्या उकाड्यात शहाळं, ताक, सोलकढी, पाणी असं सारखं पोटात जातं, त्याने लघवी पातळ होऊन खरी उसळीसुद्धा फिकट दिसते. उलट हरतालिकेच्या निर्जळी उपवासाला लघवी इतकी घट्ट होते की साधी रेघही गडद वाटावी. त्या दिवशीच्या निकालावर विसंबू नका. काहींची उसळी एका दिवसाच्या आत ओसरते, म्हणून रेघ गडद व्हायला लागली की दिवसातून दोनदा, सकाळी अकरा आणि संध्याकाळी सात.

पट्टी मॅक्सच्या खुणेपर्यंतच बुडवायची, पाकिटावर लिहिलेले सेकंद मोजून, आडवी ठेवायची, पाच मिनिटांनी वाचायची. दहा मिनिटांनंतर दिसेल ते बघायचं नाही. आणि आपल्याकडचा पावसाळा लक्षात ठेवा: पट्ट्या न्हाणीघरात ठेवू नका, पाकीट वापरायच्या क्षणी फोडा, आत सिलिकाची पुडी नसेल किंवा पाकीट फुगलेलं-सुटलेलं असेल तर ती पट्टी टाका. दमट लागलेल्या पट्टीवर रंग पसरतो, नाहीतर कंट्रोलची रेघच येत नाही. कंट्रोल नाही तर निकाल नाही.

पीसीओएस (बीजकोशात बऱ्याच छोट्या पुट्या राहून अंडं वेळेवर न फुटणं) असणाऱ्यांना एक सूचना: त्यांचं एलएच मुळातच चढं असू शकतं, त्यामुळे पट्टी चार-पाच दिवस पॉझिटिव्ह दिसते किंवा महिन्यात दोन-तीनदा दिसते आणि अंडं फुटलेलं नसतं. त्यांनी पट्टीवर पैसे घालू नयेत.

प्रोजेस्टेरॉन परत करायचं तर पट्टी पॉझिटिव्ह आल्यापासून आठव्या दिवशी. पट्टी सापडली नाही तर अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी, आणि पाळी आली नाही तर आठवड्याने पुन्हा एकदा. ३ नॅनोग्रॅमच्या वर आलं की अंडं फुटलं असं धरतात. ८ आलं की १५, त्याने काही मोठा फरक पडत नाही, हे हार्मोन दिवसभरात खालीवर होतं. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन दिवस आधी बंद करा आणि लॅबमध्ये सांगा. जास्त मात्रेचं बायोटिन काही यंत्रांवर प्रोजेस्टेरॉन खोटं चढवतं आणि टीएसएच खोटं उतरवतं.

सुरंगी, म्हापसा

फॉलिक्युलर स्टडी करायला हरकत नाही, पण तुमच्या पाळीच्या मापाने. पहिली सोनोग्राफी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आधीची एखादी गाठ उरली आहे का बघायला. मग अकराव्या दिवसापासून दिवसाआड. योनीमार्गातून करतात, मूत्राशय रिकामं ठेवून. वाढणारी पुटी १० मिलीमीटरच्या पुढे गेली की रोज दीड ते दोन मिलीमीटरने वाढते आणि १८ ते २४ च्या दरम्यान फुटते. गर्भाशयाचं अस्तर तोवर ७-८ मिलीमीटर आणि तीन रेघांचं दिसायला हवं. फुटली हे कशावरून? पुटी एकदम आकसते किंवा तिच्या कडा चुरगळतात, आणि गर्भाशयामागे थोडं पाणी दिसतं.

नेहमी होणारी चूक अशी: चार सोनोग्राफींचं पॅकेज असतं, ते चौदाव्या दिवशी संपतं, पुटी तेव्हा ११-१२ ची असते, आणि रिपोर्टवर येतं "वाढ नाही". विसाव्या दिवशी अंडं फुटणाऱ्या बाईची पुटी चौदाव्या दिवशी तेवढीच असणार. आधीच सांगून ठेवा की गरज पडली तर बाविसाव्यापर्यंत करू. पट्टी आणि सोनोग्राफी जोडीने केली तर खर्च वाचतो, रेघ गडद झाली की पुढच्या दोन दिवसांत एक सोनोग्राफी फुटलं का बघायला, बस.

गोळ्यांचं म्हणाल तर अंडं फुटत असताना अंडं फोडायच्या गोळ्या कशाला? आधी एका महिन्याचा नीट पुरावा मागा. पुढेमागे लागल्याच तर बहुधा लेट्रोझोल देतील, २.५ मिलीग्रॅम, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस, आणि पहिल्या महिन्यात तरी सोनोग्राफीच्या देखरेखीखाली. फार्मसीतल्या कागदावर स्तनाच्या कर्करोगाचं औषध असं लिहिलेलं बघून बायका घाबरतात. आपल्याकडे वंध्यत्वासाठी त्यावर २०११ मध्ये बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली. पीसीओएसमध्ये आज तीच पहिली पसंती आहे. त्याऐवजी क्लोमिफीन ही गोळी दिली तर काहींत अस्तर पातळ राहतं आणि स्राव कोरडा पडतो, म्हणून महिनोनमहिने तेच चालू ठेवू नये. फोडायचं इंजेक्शन दिलं तर साधारण ३६ तासांनी अंडं फुटतं. त्या इंजेक्शनात गर्भाचंच हार्मोन असतं, त्यामुळे पुढचे दहा ते चौदा दिवस गर्भाचं कार्ड खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. ही गोष्ट न सांगितल्यामुळे कितीतरी घरांत उगाच पेढे वाटले जातात.

सकाळच्या अंगाच्या तापमानाचा तक्ता तुम्हाला सुचवणार नाही. तापमान चढतं ते अंडं फुटल्यावर, म्हणजे बातमी उशिरा येते. दहा आठवड्यांत ती कामाची नाही.

कुळागर, फोंडा

सुरंगीताई, एका बाबतीत असहमत. तक्ता त्या दहा आठवड्यांसाठी नकोच, पण त्याआधीच्या दीड महिन्यासाठी हवा. नवरा घरी नसतानाचा महिना बिनखर्चाने वाचता येतो आणि "अंडं फुटत नाही" याला हातात पुरावा मिळतो.

दोन दशांश दाखवणारा थर्मामीटर घ्या, साधा एक दशांशाचा नको, कारण फरकच ०.२ ते ०.५ सेल्सिअसचा असतो. किमान तीन तास सलग झोपेनंतर, डोळे उघडले की अंथरुणातच, बोलण्या-उठण्याआधी, रोज त्याच सुमारास, तोंडात जिभेखाली. आदल्या सहा दिवसांतल्या सगळ्यांत वरच्या आकड्याहून लागोपाठ तीन दिवस आकडा वर राहिला की अंडं फुटलं, आणि ते साधारण पहिल्या चढत्या दिवसाच्या आदल्या दिवशी. रात्री वीज जाऊन पंखा बंद पडला, जागरण झालं, सर्दी-ताप आला, तर त्या दिवसावर फुली मारा, खोडून सुधारू नका.

आणि स्राव. फुकटची आणि सगळ्यांत आगाऊ सूचना देणारी खूण ही, पण तिच्याविषयी कुणी मोकळेपणाने बोलत नाही. पाळीनंतर काही दिवस कोरडं, मग चिकट-पांढरं, मग दुधट, आणि मग कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं, दोन बोटांत धरलं तर न तुटता ताणलं जाणारं. लघवीनंतर पुसताना कागद घसरतो, तो हाच दिवस. हा निसरडा स्राव दिसला की लगेच संबंध ठेवायचे, पट्टीची वाट बघायची नाही. निसरडेपणाचा शेवटचा दिवस आणि अंडं फुटण्याचा दिवस यांत बहुधा एखाद्या दिवसाचंच अंतर असतं. खाज, दुर्गंध किंवा दह्यासारख्या गुठळ्या असतील तर तो संसर्ग, त्याचा उपचार आधी.

सर्दीच्या, ॲलर्जीच्या गोळ्या नाकाबरोबर हा स्रावही सुकवतात.

आबोली, डिचोली

सगळ्यांचे आभार. तीन गोष्टी अजून. कंबरदुखीसाठी मी डायक्लोफिनॅक घेते, महिन्यात आठ-दहा दिवस. चालेल का? दुसरं, घरात मोठ्या माणसांचा सल्ला असा की आधी आठ-दहा दिवस थांबून "साठू द्यावं", आणि नंतर कंबरेखाली उशी घेऊन पाऊण तास पडून राहावं. तिसरं, मिस्टर बोटीवर जिमला जातात, कसली तरी पावडर घेतात. त्यांची तपासणी कधी करायची?

सुरंगी, म्हापसा

डायक्लोफिनॅक त्या दिवसांत बंद. पुटी फुटायला ज्या रसायनांची गरज असते तीच ही वेदनाशामकं अडवतात. पुटी पूर्ण वाढते, एलएच वाढतं, पट्टी पॉझिटिव्ह येते, नंतर प्रोजेस्टेरॉनही चढतं, पण अंडं आतच अडकून राहतं. म्हणजे सोनोग्राफीशिवाय कळतसुद्धा नाही. आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब, मेफेनॅमिक ॲसिड सगळी त्याच घराण्यातली. पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत चालतात. अकराव्यानंतर दुखलं तर पॅरासिटामॉल, शेक, आणि कंबरेसाठी हाडांच्या डॉक्टरांना "दिवस राहायचा प्रयत्न चालू आहे" हे वाक्य आधी सांगून दुसरा उपाय. मला तुमच्या अख्ख्या प्रश्नात हीच गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते आणि ती तुम्ही शेवटी विचारलीत!

उशीचं: शुक्राणू काही मिनिटांत गर्भाशयाच्या मुखातून वर गेलेले असतात. नंतर बाहेर येतं तो उरलेला द्रव. पडून राहायला आवडत असेल तर राहा. जेल मात्र जपून. बाजारातली बरीच पाण्याची जेल आणि थुंकीसुद्धा शुक्राणूंची हालचाल मंदावते, लागलंच तर शुक्राणूंना सुरक्षित असं लिहिलेलं घ्या.

लॅबवाली, मडगाव

"साठवून" काही वाढत नाही. पाच दिवसांहून जास्त थांबलं तर संख्या थोडी वाढते पण त्यात जुने, मंद शुक्राणू जास्त. दिवसाआडच बरं.

मिस्टरांची तपासणी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, पुढे बाहेर पडण्याजोगे व्हायला आणखी दीड-दोन आठवडे. म्हणजे आल्याआल्या जो रिपोर्ट येईल तो बोटीवरच्या शेवटच्या तीन महिन्यांचा. गॅलीतली भट्टीसमोरची उष्णता, मध्ये आलेला मोठा ताप, सगळं त्यात दिसतं. वाईट आला तर खचू नका, पण दुसऱ्या रिपोर्टसाठी तीन महिने थांबायला तुम्हाला वेळ नाही, म्हणून उशीर नको.

नमुना देण्याआधी २ ते ७ दिवस संयम. तीनच्या आसपास ठेवा आणि दुसऱ्या वेळीही तेवढाच, म्हणजे तुलना होते. शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून आणायचा तर तासाच्या आत पोचला पाहिजे. वाळपईहून म्हापशाला निघालात किंवा वाटेत फेरीबोटीची रांग आली तर तो तास तिथेच संपतो. डबी लॅबचीच, निर्जंतुक. साधा निरोध वापरायचा नाही, त्यातल्या वंगणाने आणि रबराने शुक्राणूंची हालचाल बिघडते. डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून आणा, एसीच्या झोतासमोर किंवा बर्फात नाही. सुरुवातीचा थेंब सांडला तर लाजू नका, सांगा. सगळ्यांत जास्त शुक्राणू त्यातच असतात, आणि न सांगितल्यास रिपोर्ट उगाच कमी येतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीतले खालचे आकडे: प्रमाण १.४ मिली, संख्या मिलीला १.६ कोटी, एकूण ३.९ कोटी, हालचाल ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. चार टक्के वाचून घाबरतात, पण तेवढेच पुरतात. हे उत्तीर्ण-नापासाचे गुण नव्हेत. ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस राहिले अशा पुरुषांतल्या खालच्या ५ टक्क्यांची ही रेघ आहे.

पावडर नुसती प्रथिनांची असेल तर ठीक. टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन किंवा स्नायू वाढवणारी स्टेरॉइडं असतील तर आजच फोन करून बंद करायला सांगा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू अंडकोशाला काम थांबवायचा निरोप देतो, संख्या शून्यावरही जाते आणि परत यायला कित्येक महिने लागतात. सिगारेट, रोजची दारू आणि घट्ट गरम कपडे यांचंही सांगाच, पण पहिला नंबर याचा.

कुळागर, फोंडा

आधीच्या दीड महिन्यात: फॉलिक ॲसिड आजपासून, दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम. फार्मसीत मागितलं की बहुतेक ५ मिलीग्रॅमची गोळी पुढ्यात ठेवतात, ती मधुमेह, अपस्माराची औषधं किंवा आधीच्या बाळात मणक्याचा दोष असेल तर डॉक्टर देतात. रुबेलाची प्रतिकारशक्ती तपासा. नसेल तर लस आत्ताच, कारण लशीनंतर एक महिना दिवस राहू द्यायचे नसतात, आणि तो महिना तुमच्याकडे आयता आहे. हिमोग्लोबिन, साखर, आणि थॅलेसेमियाची एकदाच करायची तपासणी. ती तुमची सदोष निघाली तर मिस्टरांचीही.

एएमएच ही रक्ततपासणी करू नका असं म्हणणार नाही, पण त्यातून अंड्यांचा साठा कळतो, या महिन्यात दिवस राहतील की नाही ते नाही. कमी आलं म्हणून घाईने काही ठरवू नका. नळ्यांचा एक्स-रे आत्ता तुम्हाला लागेल असं वाटत नाही. करायचाच झाला तर पाळी थांबल्यावर आणि अंडं फुटायच्या आधी, साधारण सहाव्या ते अकराव्या दिवसात, आणि मिस्टर बोटीवर असताना सोयीचा, कारण त्या पाळीत त्याआधी संबंध आलेले चालत नाहीत.

गर्भाचं कार्ड अंडं फुटल्यापासून चौदाव्या दिवशी. गर्भ रुजायलाच सहा ते दहा-बारा दिवस लागतात, आठव्या दिवशी कार्ड लावून रडण्यात अर्थ नाही. पाळी लांबवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालू असतील तर पाळी चुकली हा पुरावा धरू नका, कार्डच बघा. कार्ड पॉझिटिव्ह आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, रक्त जातंय, चक्कर किंवा खांद्यात कळ येतेय, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता थेट इस्पितळ. नळीत रुजलेला गर्भ फुटला तर तासांचा खेळ असतो.

मांडवीकाठ, पणजी

एक राहिलं. बोटीवरच्या लोकांसाठी वीर्य गोठवून ठेवायची सोय असते, ती जाण्याआधी विचारा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस यांची रक्ततपासणी आधी लागते आणि वापरासाठी दोघांची लेखी संमती. नमुना द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर ठेवतात. २०२१ च्या कायद्याने दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो. वितळवल्यावर हलणारे साधारण निम्मेच उरतात आणि ताज्यांइतके टिकत नाहीत, म्हणून दोन-तीन नमुने ठेवावे लागतात, आणि नंतरचं आययूआय (वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडणं) अंडं फुटण्याच्या वेळेला अगदी चिकटून करावं लागतं. बांबोळीला गोमेकॉतही (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) सरकारी वंध्यत्व विभाग आहे, तिथे आधी चौकशी करा, खाजगीतला दर नंतर.

नमुने कधी द्यायचे त्यात मात्र लोक चुकतात. जायची तारीख जवळ आली म्हणून नेमक्या तुमच्या अकराव्या ते पंचविसाव्या दिवसांत तीन-तीन दिवस संयम पाळून नमुने देतात आणि हातातली खरी संधी घालवतात. दुसऱ्या पाळीत पट्टी पॉझिटिव्ह येऊन गेली, निसरडा स्राव थांबला, की तिथून पुढे मोजा. तिसऱ्या दिवशी पहिला नमुना, मग तीन दिवसांनी दुसरा, मग तिसरा. त्या दिवसांत घरी तसंही काही वाया जात नाही.